एका जागी तीन रेणू

केनवड, ९ जानेवारी १९७८

गोविंदसिंग,

‘प्रिय’ लिहावं की नाही, याच्यातच पेनाची शाई वाळली. म्हणून नुसतं नाव. आणि जयभीम. तो मुद्दाम लिहिला आहे, चुकून नाही.

हे पत्र भांडणाचं नाही, कामाचं आहे. वाचशीन की फाडशीन ते तुह्यं तू पाह्य, पण सोबतचे कागद फाडू नको. त्याच्यात दिवाळीपासूनची माह्यी सारी आकडेमोड आहे.

मायचं मांडीचं हाड मोडलं. न्हाणीत पाय सरकला. अकोल्याले नेलं, प्लास्टर घातलं, आणि डॉक्टर म्हणाले पावसाळ्याच्या आधी उठायचं नाव काढू नका. बाबा दिवसभर शाळेत. घरात दुसरं बाईमाणूस नाही. म्हणून मी इथी आहे आणि आपलं कॉम्प्युटर मुंबईत आहे. केनवडात कार्डाले भोकं पाडणारं कोणी नाही. मी कागदावर प्रोग्राम लिहून पाठवीन, तू कार्डं पाडून घे, यंत्रावर चढव आणि छापून येईल ते रजिस्टर पोस्टानं मले पाठव. लॅबमध्ये दुसऱ्या कोणाले सांगितलं असतं, पण माह्यं अक्षर तुह्याशिवाय कोणाले लागत नाही.

सरांचं पत्र आलं. जूनअखेर प्रबंध हातात पाहिजे, नाही तर नोंदणी रद्द. सर रागावले नाहीत, म्हणून जास्त भेव वाटते. नोंदणी गेली की मी शेषराव मास्तराची लई शिकलेली पोरगी, एवढंच उरते.

काम काय ते तुले सांगायची गरज नाही, तरी सांगते, कारण मागं तू सरांसमोर उलटं सांगितलं होतं. माह्या रेणूच्या एका टोकाले इलेक्ट्रॉन देऊन टाकायची घाई, दुसऱ्याले तो घ्यायची हाव, मधात पूल. म्हणून वीज एकीकडूनच जाते, उलटी येत नाही. असा एकटा रेणू अजून कोणी तारेले जोडून पाह्यला नाही. आपण कागदावर पाहून राह्यलो की जोडलाच, आणि असे हजारो जोडले, तर त्या सर्किटवर भरवसा ठेवता येईल का? कारण रेणू म्हणजे काही ट्रान्झिस्टर नाही. खोलीतल्या साध्या गरमीनं तो हलते, वाकते, एखाद्या वेळी मोडूनच जाते. आणि एक मोडला की पुढचं सारं उत्तर चुकलं.

या खेपेला एका जागी दोन रेणू ठेवले आहेत. कोणता कवा दगा देईल ते ठरवायले तुह्याच चिठ्ठ्या वापरल्या, तो सोडतीवानी आकडे काढणारा तुह्या हातचा प्रोग्राम. अख्खी लॅब तुह्याच वापरते, मी काय मोठी लागून गेली? यंत्र चिठ्ठी काढन, हा रेणू चालला, हा बसला म्हणन, आणि सर्किट चुकलं की तिथी एक चांदणी छापन. बरोबर आलं की टिंब.

उत्तर लिहायची गरज नाही. छापलेले कागद तेवढे पाठवजो.

अंजना

केनवड, ६ फेब्रुवारी

गोविंदसिंग,

गठ्ठा पोचला. पोस्टातले उकंडराव तो डोक्यावर घेऊन दारात उभे राह्यले आणि म्हणाले, “अवं अंजने, येवढं कोन लिहून राह्यलं तुले?” मी म्हटलं, कोणीच नाही.

तू खरंच एक ओळ लिहिली नाही. मी म्हटलं होतं लिहू नको, पण माणसानं इतकं ऐकू नये. घड्या उलगडून मी दोनदा पाह्यलं, मधात कुठी कागदाचा कपटा अडकला का म्हणून. खोटं कायले बोलू!

दोन रेणूंचं काही खरं नाही. चांदण्याच चांदण्या. एक हाव म्हणते, दुसरा नाही म्हणते आणि मधात सर्किट तोंड पाहात उभं. मले आधीच समजायले पाह्यजे होतं. आता एका जागी तीन ठेवले. दोघं म्हणतील ते खरं मानायचं, तिसऱ्याले बोंबलू द्यायचं. कागद सोबत आहेत. तिघांची बेरीज करणारा भाग नीट तपासून मगच कार्डं पाड.

बाबा रोज विचारतात कुठवर आलं. त्यांना रेणू समजावला तर म्हणाले, “म्हंजे आमच्या वर्गातल्या पोट्ट्यावानी. एकटा ईचारला तं चुकते, तिघांले मिळून ईचारलं तं निभते.” मी म्हटलं हाव. बाबा खुश. दुसऱ्या दिवशी शाळेत सांगून आले की पोरगी विजेच्या पोट्ट्यांची परीक्षा घेऊन राह्यली.

मायले तेवढ्यानं भागत नाही. पडल्या पडल्या तिचं ध्यान भलतीकडंच. परवा विचारते, “दिवाळीत तू रिसोडाहून त्याच दिशी काहून आली वं? राह्यणार होती ना?” मी सांगितलं डोस्कं दुखत होतं. मायले पटलं नाही. पण ती पलंगावरून उठू शकत नाही, म्हणून मी वाचली.

अंजना

केनवड, २२ मार्च

गोविंद,

झालं बाप्पा, झालं! तीनवाल्या कागदात चांदण्या शोधा लागतात. पानच्या पान टिंबं. मी सकाळी भाकरी टाकता टाकता पाहून राह्यली होती, भाकर करपली, माय ओरडली, मी नुसती हसत बसली. तिघं एका जागी ठेवले तर रेणूवर भरवसा ठेवता येते. तुह्या छापील पेपरात हेच निघालं होतं. तुह्या रेणूत निघालं, माह्या रेणूतही निघालं. बाबा शाळेतून येईपर्यंत दम निघाला नाही, शाळेच्या दारात जाऊन सांगितलं, “बाबा, लागला निकाल!” बाबांनी वर्गाले सुट्टीच देऊन टाकली.

सरांना उद्या लिहिते. प्रबंध मे महिन्यात टाइप कराले देता येईल.

तुले ऑगस्टासाठी अमेरिकेचं बोलावणं आलं, हे सरांच्याच पत्रातून समजलं. त्याच पेपरवर आलं म्हणतात. चांगलं झालं. मनापासून लिहून राह्यली.

आज मन हलकं आहे, म्हणून ते पण लिहूनच टाकते. तू काहून गप्प आहे ते मले माहीत नाही, पण मी काहून गप्प होती ते तुले माहीत असलंच पाह्यजे. दिवाळीत तू मले रिसोडाजवळच्या तुमच्या तांड्यावर नेलं. तुह्या आईनं, हिरीबाईनं, मले जवळ बसवलं, माह्या वेणीले हात लावून पाह्यला, ताटात दोनदा वाढलं. आणि मग म्हणाली, “अमरावतीच्या देशमुखाची पोरगी आमच्या घरात बसून जेवते, तांडा पाहून राह्यला.” मी तुह्याकडं पाह्यलं. तू चूल पाहात होता. मी केनवडची, बौद्ध, मास्तराची पोरगी. तू मले गाव बदलून देल्लं, जात बदलून देल्ली, बाप बदलून देल्ला. मले विचारलं पण नाही. ते ताट मी संपवू शकली नाही. हात धुतले आणि रस्त्यावर येऊन जी गाडी भेटली तिच्यात बसली.

तू म्हणशीन आई चिडली असती. चिडली असती! मंग?

आता प्रबंध झाला. राग पण इथीच ठेवते. अमेरिकेले सुखानं जाय.

अंजना

केनवड, १५ एप्रिल

गोविंद,

हे पत्र बसून वाच. उभ्यानं नको.

काल जयंती झाली. बाबा जयंती समितीचे सेक्रेटरी. दरवर्षी शाळेच्या सहामाही परीक्षेचा निकाल लागला की तपासलेले पेपर आमच्या घरी येतात आणि आमची गल्ली त्यांच्या पताका कापते. मी लहानपणी माह्याच गणिताच्या पेपरच्या पताका कापल्या आहेत. या वर्षी शाळेचे पेपर कमी पडले. बाबांनी माह्यं कपाट उघडलं. निकाल लागला म्हणून मीच तर सांगितलं होतं!

मी मायचं अंग पुसून बाहेर आली तर माह्यी टिंबं विहारापासून पार हापशापर्यंत लटकलेली. पोट्ट्यांनी कापली पण नाही. घडीचा कागद लांबच लांब निघते म्हटल्यावर त्यांना हर्ष झाला. डिंक नको, सुतळी नको, नुसता ओढत न्या. गल्लीच्या दोन्ही अंगांनी बांबूवर चढवून दिला. मले असा संताप आला का सांगू नको. मी बाबांवर ओरडली. गल्लीसमोर. जयंतीच्या दिवशी. बाबा म्हणाले, “निकाल लागल्यावर पेपर कायले पाह्यजे?” आणि शिडी आणायले गेले बिचारे.

शिडी येईपर्यंत मी कागदाखालून चालत होती, फाटला कुठी ते पाहात. इतके दिवस मी तो घडीघडीनं वाचला. एक पान उलटायचं, मागचं दडायचं. काल पहिल्यांदा सारा एका नजरेत दिसला. चांदण्या थोड्या आहेत, पण त्या कुठीही पडल्या नाहीत, गोविंद. दोन जवळ जवळ, मंग मोकळं, मंग एक, मंग लई मोकळं, मंग तीन. पुढं भागिरथा मावशीच्या दारापाशी पुन्हा दोन जवळ जवळ, मोकळं, एक, लई मोकळं, तीन. विहारापाशी पुन्हा तेच. लुगड्याच्या काठावर नक्षी फिरून फिरून येते, तशी.

मी परत पहिल्या टोकाले गेली आणि पुन्हा चालली. भाषणं सुरू झाली होती. लोकांना वाटलं मास्तराची पोरगी पताका मोजून राह्यली.

तुह्या चिठ्ठ्या संपतात. थोडा वेळ नव्या निघतात, मंग यंत्र त्याच चिठ्ठ्या त्याच क्रमानं पुन्हा काढते. आपल्याले वाटलं आपण सर्किटची हजारदा परीक्षा घेतली. आपण एकच सोपा पेपर त्याले पुन्हा पुन्हा देल्ला आणि तो पास झाला म्हणून नाचलो. मी तर भाकर करपवली.

माह्या जागी माह्यी चूक असू शकते, म्हणून एक काम कर. रेणू, सर्किट, सारं काढून टाक. नुसत्या चिठ्ठ्या छाप, मोठ्या संख्येनं, आणि कॉरिडॉरमध्ये जमिनीवर लांब पसरून पाह्य. मी खोटी ठरली तर मले सांग. मी पेढे वाटीन.

आणि खरी ठरली तर माह्या प्रबंधासारखाच तुह्या पेपरचा पण पाया गेला. मी सरांना सांगणार नाही. प्रोग्राम तुह्या हातचा आहे, तूच सांग. मी माह्या प्रबंधात हा निकाल घालू शकत नाही, एवढंच मले ठरवता येते, ते मी ठरवलं.

तारीख जवळ आहे. लवकर पाह्य.

अंजना

केनवड, १४ मे

गोविंद,

महिना झाला. तू आकडे पण पाठवून नाही राह्यला. सरांचं पत्र आलं: प्रबंध कुठी आहे, मार्चमध्ये तर निकाल आला म्हणाली होती. मी अजून उत्तर देल्लं नाही. बाबांनी एकदा हळूच विचारलं, “तसाच देल्ला तं कोनाले समजन?” मी पाह्यलं त्यांच्याकडं. ते उठून बाहेर गेले. मंग मले त्यांचंच वाईट वाटलं. इतकी वर्षं पोट्ट्यांच्या कॉप्या पकडणाऱ्या माणसाले माह्यासाठी असं बोला लागलं.

एक गोष्ट लपवत नाही: पहिलं पान मी सुंदर अक्षरात लिहून पाह्यलं. नाव, विषय, साल. मंग फाडलं.

यंत्र नाही तर नाही. मायले कामाले लावलं. ती तशी पण पडून पडून कावली होती. एका गंजात पांढरी जवारी आणि थोडे तुरीचे दाणे मिसळले. जवारी निघाली तर रेणू चालला, तूर निघाली तर मोडला. वरून फडकं झाकलं. माय हात घालून दाणा काढते, मी लिहिते, ती दाणा परत टाकते, गंज हलवते. गल्लीतल्या बाया पाह्यले येतात. रुख्मिणी काकू तर विचारून गेली, कोनतं व्रत आहे?

दोन दिवस झाले, तूर निघायचीच बंद. जवारी, जवारी, जवारी. मी म्हटलं हे कसं काय, आता हिच्या पण चिठ्ठ्या फिरून येऊन राह्यल्या का? फडकं उचललं तर माय बोटानं चाचपून राह्यली. तुरीचा दाणा मोठा, हाताले लागते. तो बाजूले सारते आणि जवारी काढते.

मी म्हटलं, “माय! लबाडी करून राह्यली तू?”

माय म्हणते, “मंग? तुह्यं पास व्हा लागते का नाई? तूर आली का तुह्यं तोंड उतरते. मले पाह्यवत नाई.”

मी हसली, मंग रडली. मायले वाटलं तिनं लई मोठं नुकसान केलं. तिले सांगता सांगता माह्या नाकी नऊ आले की माय, तुले चांगलं वाटते म्हणून काढलेला दाणा मले चालत नाही. शेवटी तूर काढून टाकली आणि जवारीतलेच काही दाणे काजळानं काळे केले. आता तिच्या बोटाले फरक लागत नाही. माह्यावर रुसली, पण काढून राह्यली.

तीन दाण्यांत दोन काळे, असं पुष्कळदा निघते, गोविंद. तिघांवर भरवसा ठेवता येत नाही असंच दिसते. हातानं होईल तेवढ्यात पक्कं सांगता येत नाही. पक्कं सांगायले यंत्र पाह्यजे, आणि यंत्राले खऱ्या चिठ्ठ्या पाह्यजे. त्या तूच लिहू शकतं.

तुले अमेरिकेची भीती वाटत असन. मले जूनची वाटते. मी तुले भेकड म्हणून पत्र फाडणार होती, पण म्हटलं मी पण आजवर सरांना उत्तर कुठी देल्लं? उद्या देते. निकाल चुकीचा आहे, दुसरा हातात नाही, एवढंच लिहिते. कोणामुळं ते लिहीत नाही.

अंजना

केनवड, २० जून

गोविंद,

आधी कामाचं. तुह्या चिठ्ठ्यांचा नवा प्रोग्राम आणि गठ्ठा पोचला. आधीच्या चिठ्ठ्यांची नक्षी तू लाल पेन्सिलीनं खुणावून पाठवली, ती पाह्यली. तू मासिकाले धाडलेल्या पत्राची नक्कल पण वाचली: पेपरातला निकाल मागे घेतो, चूक माह्या प्रोग्रामात आहे. सरांनी लिहिलं की अमेरिकावाल्यांनी तुह्यी जागा दुसऱ्याले देल्ली. मले वाईट वाटलं. तुले बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, दिवसभर वाईट वाटत राह्यलं.

नवा निकाल मायच्या दाण्यांसारखाच आहे. एका जागी तीन रेणू पुरत नाहीत. पाच लागतात, आणि तेही सर्किट थंड ठेवलं तर. खोलीच्या गरमीत पाच पण भरवशाचे नाहीत. बाजारात कोणी असं यंत्र घेणार नाही, पण प्रबंधात लिहायले हरकत नाही, कारण आता ते खरं आहे. तू आधी जाऊन सारं सांगितलं म्हणून सरांनी मले डिसेंबरपर्यंत वेळ देल्ला. हे पण त्यांनीच लिहिलं. तू तर काही लिहितच नाही!

आता दुसरं. काल बाजाराच्या दिवशी दुपारी आमच्या दारात कोण उभं होतं, तुले माहीत आहे का? तुह्यी आई. आरशांचा घागरा, हातभर बांगड्या, एकटी. अख्खी गल्ली दारात आली. तिनं विहारापाशी मोठ्यानं विचारलं होतं, “बौद्ध वाड्यातली मास्तराची पोरगी अंजना कोठी राह्यते?” पोट्टे तिले मिरवणुकीसारखे घरापर्यंत घेऊन आले.

मायच्या पलंगावर बसली, पाणी प्याली, पाय चोळले आणि म्हणाली, “पोट्टा घरी आला. म्हने, माय, मी खोटं बोललो. म्या म्हटलं कोनती गोष्ट? तं म्हने दोन गोष्टी हायेत. एक मशिनीची सांगतली, ते मले काही समजली नाई. दुसरी समजली.”

मी चहाचं आधण ठेवलं. ती मायकडं पाहून म्हणाली, “बाई, पोट्ट्यानं पोरीची जात मले खोटी सांगतली. खरं सांगतं तं मी चिडली असती. महिनाभर बोलली नसती. तांडा पन बोलला असता. पन मले चिडाचा मौका तं देता! आता पोरगी उपाशी उठून गेल्यावर मी कोनावर चिडू?”

माय म्हणाली, “दोघी मिळून त्याच्यावरच चिडू.” आणि दोघी हसल्या, गोविंद. मोडलेल्या हाडाची माय इतकी हसली की मले भेव वाटलं.

बाबा शाळेतून आले तवा चहा सुरू होता. तुह्या आईले वाटलं बाबांना सारं माहीत असन. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, मायलेसुद्धा डोस्कं दुखलं म्हणूनच सांगितलं होतं. ती हात जोडून म्हणाली, “मास्तर, माफ करा, माह्या पोट्ट्यानं तुमाले अमरावतीचे देशमुख केलं होतं.”

बाबांनी पायातल्या चपला काढल्या. मंग म्हणाले, “बरं! वावर किती देल्लं?” सारे हसले. बाबा पण हसले. तुह्या आईले गाडीवर बसवून देल्लं, खिडकीपाशी उभे राह्यले, हात हलवला. घरी येऊन कपडे बदलले आणि भूक नाही म्हणाले. सकाळी पण चहावरच शाळेत गेले.

ज्या माणसानं आयुष्यभर आपलं नाव, आपलं गाव, आपला वाडा छातीवर घेऊन सांगितला, त्याले तू न पाहता पुसून टाकलं. मी चिडली, भांडली, पत्रं लिहिली, माह्यं मनातलं निघून गेलं. बाबांनी कोणाले काय लिहावं?

तुह्या आईनं जाता जाता माह्या हनुवटीले धरून विचारलं, “करतं का त्याच्याशी?” मी म्हटलं, त्यानं मले विचारलं नाही. ती म्हणाली, मुकाच आहे तो, पन आता बोलाले शिकून राह्यला. आणि तांड्यावर मीच सांगीन म्हणाली, त्याची काळजी करू नको.

तांड्यावर ती सांगन. मासिकाले तू सांगितलं. माह्या बाबांना कोणी सांगायचं? मी तुह्या बाजूनं एक शब्द बोलणार नाही, माय पण नाही. पत्र पाठवू नको, ते पत्र वाचून घडी घालून ठेवून देतील आणि कोणाले काही म्हणणार नाहीत. ते शाळेतून पाच वाजता येतात. ओट्यावर बसतात. त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या तोंडाकडं पाहून, त्यांचं नाव, त्यांचं गाव, जे आहे तेच तुह्या तोंडानं म्हणून दाखव. मंग ते काय म्हणतात ते ऐक. मंग मले काय विचारायचं ते विचार.

कवा येतं?

अंजना